मागचा डावा कोपरा

वाटणी झाली तेव्हा धाकट्या जावेनं वरचा मजला घेतला आणि ओव्हन खाली थोरलीकडे राहू दिला, म्हणून सगळ्यांनी तिचं तोंड भरून कौतुक केलं होतं. थोरलीनं केलं नव्हतं. "जुनं लोखंड मला आणि मनाचा मोठेपणा तिला," असं ती त्याच दिवशी नवऱ्याला म्हणाली होती, आणि नवऱ्यानं नेहमीप्रमाणे ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. पुढं धाकटीनं वर स्वतःचा ओव्हन आणला. काचेच्या दाराचा, आत दिवा, आत पंखा. बघता बघता तिच्या कुकीजचं नाव झालं. लोक पत्ता विचारत यायचे, थोरलीच्या दारावरून जिना चढायचे आणि उतरताना हातात खोका घेऊन हसतमुखानं जायचे. वास तर काय, जिन्यानं सरळ खाली यायचा. वासाला कुठली वाटणी!

हे सगळं थोरलीनं गिळलं होतं. गिळलं म्हणजे, गिळून पोटात ठेवलं होतं, पचवलं नव्हतं. पण चिमीनं, तिच्या पोटच्या एकुलत्या एका लेकीनं, जेवता जेवता सहज सांगितलं की, "लग्नाचा केक काकू करणार आहे, आणि पाहुण्यांना द्यायच्या कुकीजसुद्धा," तेव्हा तो घास काही खाली उतरेना.

"छान झालं," थोरली म्हणाली. "मला तेवढाच आराम."

मग पंधरा जणांना तिनं हेच सांगितलं. न विचारता सांगितलं, म्हणून पंधराही जणांना खरं काय ते कळलं.

उद्या लग्न होतं. सकाळी कचेरीत जाऊन सह्या, संध्याकाळी घरीच पाहुणे. आणि आज भर दुपारी धाकटी जिन्यातून हाका मारत होती.

"ताई! जरा वर येता का हो?"

थोरली वर गेली, ती काही लगेच नाही. आधी हात पुसले, मग पुसलेले हात पुन्हा पुसले, मग गेली.

धाकटीच्या नाकावर पीठ होतं आणि एका पायात चप्पल. "ताई, केकचं ते उंच स्टँड ज्याच्याकडून घ्यायचंय ना, तो आत्ताच दुकान बंद करून निघालाय. चिमी कपडे आणायला गेलीये, तिला वाटेत घेते आणि आम्ही तशाच स्टँड घेऊन येतो. खालचा थर आत लावलाय. घंटी वाजली की फक्त बटण बंद करा. दार मी आल्यावर उघडते."

"वन्सं आहेत ना इथं?"

"झोपल्यात. आणि त्यांना कशाला सांगू? तुम्हाला ओव्हनमधलं कळतं."

हे ऐकून एखादीला बरं वाटलं असतं. थोरलीला वाटलं, कळतं ना? मग केक मला का नाही सांगितला?

"बसते की," ती म्हणाली. "मला काय, रिकामीच आहे मी."

धाकटी दुसरी चप्पल शोधत गेली. थोरली स्टुलावर बसली आणि तिनं स्वयंपाकघर डोळ्यांखालून घातलं. वजनकाटा. बरण्यांवर चिकटवलेली नावं. लोण्याचे तुकडे बाहेर काढून मऊ व्हायला ठेवलेले. मधला आणि वरचा थर तयार होऊन जाळीवर गार होत होते, दोन्ही असे हलके फुललेले की बोट लावायची भीती वाटावी. तिच्या स्वतःच्या केकला कुणी कधी हलका म्हटलं नव्हतं. लोण्याचा, जाड, पोटभरीचा केक. हा म्हणजे अंडी फेटून फेटून वाऱ्यावर उभा केलेला केक. 'खाल्ल्यासारखा तरी वाटतो का?' थोरली मनात म्हणाली. म्हणाली खरी, पण नजर हटेना.

तिला फडकं हवं होतं. निदान स्वतःला तरी तिनं तसंच सांगितलं आणि धाकटीचा खण उघडला. फडक्यांच्या खाली चांदणी होती.

पत्र्याची चांदणी, बिस्किटं कापायची. पाचातलं एक टोक वाकलेलं. चिमी नुकती चालायला लागली होती तेव्हा तिनं तिच्यावर पाय दिला होता. रडली होती बिचारी, आणि थोरलीनं तिला कडेवर घेऊन समजूत घातली होती की, अगं, ही चांदणी आता लंगडी झाली, म्हणून ती आपलीच, दुसऱ्या कुणाकडे जायची नाही. त्यानंतर या घरातली प्रत्येक चांदणी लंगडी निघाली. गेलं वर्षभर थोरली ती खाली शोधत होती. कपाटं उपसली होती तिनं.

टेबलावर खोके रचले होते. तिनं एकाचं झाकण उचललं. आत लंगड्या चांदण्या, एकसारख्या सोनेरी, कडांना नुसता बदामी रंग चढलेल्या. एकही करपलेली नाही.

मागितली असती तर दिली नसती का, असं तिच्या मनात आलं. नसती दिली. ते तिलाही माहीत होतं, त्यामुळे तर आणखीच संताप आला.

आता पुढचं जे झालं ते समजायला खालच्या ओव्हनची खोड माहीत पाहिजे. तो खालीच थोरलीकडे राहणाऱ्या सासूबाईंच्या काळातला, आणि त्याचा मागचा डावा कोपरा जाळायचा. काहीही ठेवा, त्या कोपऱ्यातलं काळं. म्हणून अर्ध्यात दार उघडायचं आणि ट्रे फिरवायचा, हा या घराचा कायदा. "फिरवलंस का?" हे तर घरातलं बोलणंच होऊन बसलं होतं. दाराला कुलूप लावून निघालेल्यालाही कुणीतरी विचारायचं, फिरवलंस का? धाकटी नवी नवरी होती तेव्हा तिचा पहिला ट्रे अर्धा जळला होता आणि ती मोरीत जाऊन रडली होती. तेव्हा तिचे डोळे पुसून तिला ट्रे फिरवायला शिकवलं होतं ते थोरलीनं. हे धाकटी सगळ्यांना सांगायची. थोरली त्याहून जास्त जणांना सांगायची.

तर चांदणी एका हातात. दुसऱ्या हातात फडकं आलं. ओव्हनचं दार उघडलं गेलं, गरम वाफ तोंडावर आली, केकचा डबा अर्धा वळला, जाळीवर जरा आपटला, दार लागलं. आणि मग थोरली भानावर आली.

काचेतून तिनं पाहिलं. केकची मधली बाजू, डुलकी लागलेल्या माणसाची मान कलते तशी, हळूच खाली गेली. गेली ती गेलीच.

"अगं बाई," थोरली म्हणाली.

त्या ओव्हनला पंखा होता. त्याला कोपराच जाळता येत नव्हता. फिरवायची काही म्हणजे काही गरज नव्हती. आणि हे तिला ठाऊक होतं की नव्हतं?

घंटी वाजली. तिनं सांगितल्याप्रमाणे बटण बंद केलं.

*

स्टँड जिन्यातून वर आणताना चिमी हसत होती. तिचं ते हसणं दारापर्यंत आलं आणि धाकटीनं ओव्हन उघडल्यावर थांबलं.

केक बाहेर आला. मध्ये हा खड्डा, वाटीभर आमटी मावेल एवढा.

आवाजानं वन्सं उठून आल्या. नवऱ्याची ही मोठी बहीण लग्नासाठी म्हणून चार दिवस आधी आली होती आणि चारही दिवस तिला घरात काहीच घडत नसल्याची रुखरुख होती. तिनं केककडे पाहिलं, थोरलीकडे पाहिलं, थोरलीच्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं.

"उघडलंस वाटतं दार?" वन्सं म्हणाल्या. "मला वाटलंच होतं काहीतरी होणार. मांजराला दुधाच्या राखणीला बसवलं की दुसरं काय होणार!"

"आत्या!" चिमी म्हणाली. पण आत्याकडे बघून नाही म्हणाली. ती आईकडे बघत होती.

ती नजर थोरली आयुष्यात विसरणार नव्हती. रागाची नव्हती ती. 'आई, तू नाहीस ना?' असं विचारणारी होती, आणि उत्तराला घाबरलेली होती. थोरलीनं तोंड उघडलं. हात आपोआप गेला, एवढंच सांगायचं होतं. वीस-पंचवीस वर्षांची सवय, कोण विश्वास ठेवणार नाही? पण तिनं समोरच्या तोंडांवरून नजर फिरवली आणि तिला कळलं, कुणीच ठेवणार नाही. पंधरा जणांना सांगून ठेवलं होतं ना तिनं, की मला किती आनंद झालाय म्हणून.

"मीच उघडलं होतं," धाकटी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"निघायच्या घाईत मी फिरवून गेले. सवय हो, दुसरं काय? ताईंनीच लावलेली. दार लावलं तेव्हाच मला वाटलं होतं की हा बसणार." ती हसली, नाकावर पीठ तसंच. "ताई बिचाऱ्या नुसत्या राखणीला होत्या."

चिमीच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं थोरलीला दिसलं. वन्संचा चेहरा पडला. सुंठीवाचून खोकला गेला होता. आता गप्प बसायचं, एवढंच काम थोरलीला उरलं होतं.

पण तिच्या अंगाचा असा काही तिळपापड झाला की बस. हिनं ओव्हन नवा घेतला. नाव हिचं झालं. चांदणी हिच्या खणात. लेक हिची पुतणी नव्हे, जणू हिचीच मुलगी. आणि आता माझ्या हातून एक चूक झाली, तर तीसुद्धा उचलून हिनं पदरात घातली! एवढंही माझं म्हणून राहू देत नाही ही बाई!

"खोटं बोलतेय ती," थोरली म्हणाली. "मी फिरवला."

"ताई, राहू द्या ना..."

"काय राहू द्या? तू गेलीस तेव्हा केक फुलत होता. मी डोळ्यांनी बघितलाय. मी दार उघडलं, मी फिरवला, माझ्या हातानं बसला. तुला सगळ्यांत चांगलं व्हायचंय तर हो, पण माझ्या जिवावर नको."

वन्संनी हळूच खुर्ची ओढली आणि नीट बसून घेतलं.

"मुद्दाम?" चिमीनं विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असंच द्यायचं असतं. थोरलीनं द्यायचा प्रयत्न केला. तो शब्द अगदी ओठांपर्यंत आणला, पण तिच्या डाव्या हातात अजून चांदणी होती, आणि ती इतकी घट्ट धरलेली होती की टोकं तळव्यात रुतली होती.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही गं. ही दिसली, आणि मग हात गेला."

चिमीनं चांदणी पाहिली. "ती मी आणली वर. काकूनं नाही मागितली. मला माझ्या लग्नाला त्याच चांदण्या हव्या होत्या."

"मग मला सांगायचंस! मी नसत्या केल्या? तू बोटभर होतीस तेव्हापासून..."

"म्हणूनच नाही सांगितलं."

"म्हणजे?"

आत्यानं मान पुढं काढली होती, काकू उगाच जाळीवरचे थर सरळ करत होती. शेवटी चिमी बोलली, तेव्हा आवाज बारीक होता, पण थांबला नाही.

"आई, तुझ्या हातचं मी खायला घेतलं की तू माझ्या तोंडाकडे बघत बसतेस. पहिला घास खाईपर्यंत श्वाससुद्धा घेत नाहीस. मी छान म्हटलं की विचारतेस, खरं का? खरं म्हटलं की विचारतेस, काकूच्यापेक्षा? मला परीक्षेला बसल्यासारखं होतं गं. काकूचं मी नुसतं खाते. ती बघतही नाही, तिचं पुढचं काम चाललेलं असतं. उद्या माझं लग्न आहे. उद्या तरी मला नुसतं खायचं होतं."

थोरलीला वाटलं, वन्संनी शंभर गोष्टी बोललेल्या परवडल्या असत्या.

धाकटीनं घसा खाकरला. "ताई, खालचा थर परत करायलाच हवा. माझा ओव्हन आता रात्रीपर्यंत कुकीजना लागणार. तुमचा खालचा चालतो ना अजून?"

"त्याला काय धाड भरलीये?"

"मग तुमचा लोण्याचा केक करा. खरं सांगू? माझा खालचा थर वरचं वजन पेलत नाही. दर वेळी आतून काड्या रोवून उभा करते. तुमचा नुसता उभा राहील."

थोरलीनं तिच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. हे खरं होतं की पुन्हा तो मोठेपणा? ओळखू येईना. धाकटीचं हेच तर वाईट होतं, तिचं खोटंही खऱ्यासारखं गोड असायचं आणि खरंही खोट्यासारखं.

"काड्या रोवतेस?" तिनं विचारलं.

"सात-आठ."

"शी," थोरली म्हणाली, आणि त्या दुपारी पहिल्यांदा तिला थोडं बरं वाटलं. फार नाही. जिना उतरेपर्यंत टिकलं.

*

खालच्या स्वयंपाकघरात सासूबाई टेबलाशी बसून होत्या. त्यांना वरचं सगळं ऐकू गेलं होतं. त्यांना न ऐकू जाणारं या घरात काही नव्हतं, कान कमी झाले असं त्या फक्त डॉक्टरांना सांगायच्या.

"फिरवलास म्हणे," त्या म्हणाल्या.

"तुम्ही पण सुरू करा आता, आई."

"मी कशाला? माझाच ओव्हन, माझीच खोड." एवढं बोलून त्या वेलदोडे सोलावेत तशी मन लावून अंडी पुसत बसल्या.

थोरलीनं लोणी फेसलं, हातानंच, लाकडी चमच्यानं. साखर, अंडी, मैदा. दंड भरून आले तरी थांबली नाही. ओव्हननं पेटताना नेहमीसारखा ढप्प आवाज केला. डबा आत गेला. अर्ध्यात तिनं दार उघडून फिरवला, आणि या वेळी काही बसलं नाही. जाड केक, त्याला कुणाच्या सवयीचं काय पडलंय? तरी कोपऱ्यानं आपलं केलंच. एक बाजू काळपट निघाली.

गार झाल्यावर तिनं वरचा फुगवटा आणि ती करपलेली बाजू कापून सपाट केली. कापलेले तुकडे ताटलीत टाकले. तेवढ्यात धाकटीनं वरून दुसरी ताटली पाठवली, मधल्या आणि वरच्या थराच्या कापांची, आईंना चहाबरोबर म्हणून. दोन्ही ताटल्या सासूबाईंसमोर शेजारी शेजारी बसल्या. एकीत फिकट, कापसासारखे तुकडे. दुसरीत पिवळे, जड, कडेला काळे. थोरलीनं एकदा पाहिलं आणि पाठ फिरवून डबा घासायला घेतला.

दार वाजलं. पावलं चिमीची. ती चालायला लागल्यापासून तिची पावलं थोरली ओळखत होती.

"झाला?" चिमीनं विचारलं.

"झाला. गार होऊ दे, मग वर ने."

"करपला का?"

"जरासा. कापून टाकलं तेवढं."

लहानपणी चिमी मागच्या डाव्या कोपऱ्यातलं बिस्किट मागून घ्यायची. काळं तेच हवं, म्हणून हट्ट. केव्हा सुटला तो हट्ट? थोरलीला आठवेना. बहुतेक तिनं विचारायला सुरुवात केली तेव्हा, की का गं, काकूची तर करपत नाहीत, ती जास्त आवडतात ना तुला?

खुर्ची सरकली. चिमी बसली होती. मग ताटलीवर नखाचा बारीक आवाज झाला, आणि चिमी काहीतरी खायला लागली.

थोरलीची मान दुखायला लागली. एवढीशी वळवली असती तर दिसलं असतं. कुठल्या ताटलीतलं, ते. तोंड कसं झालं, ते. नळ तिनं मोठा सोडला. डब्याचा तळ घासला, कडा घासल्या, मग बाहेरची बाजू, जिथं कधी काही लागलेलंच नव्हतं. मागं पुन्हा ताटली वाजली. दुसरा तुकडा. मग तिसरा.

"आई," चिमी म्हणाली.

"हं?" थोरली भिंतीकडे बघून म्हणाली.

मागं ताटली जरा सरकली.

"काही नाही. उद्या ती निळी साडी नेस. छान दिसतेस त्यात."

"बरं."

खुर्ची मागं गेली. चिमीनं केक उचलला असावा, कारण तिची पावलं सांभाळून, जडपणानं दाराकडे गेली, मग जिन्यात, मग वर. वरून धाकटीचा आवाज आला, "अगं हळू, हळू!" आणि दोघी हसल्या. ते हसणं थोरलीला लागलं. लागायचंच ते. एका दुपारीत काय लगेच सुटतं?

तिनं नळ बंद केला.

"सांगू का?" मागून सासूबाई म्हणाल्या. "कुठल्या ताटलीतलं खाल्लं ते?"

थोरलीचे हात पाण्यात थांबले. जन्मात कधी काही कळून घ्यायची इतकी इच्छा तिला झाली नव्हती. चिमीच्या वेळी सुईणीनं मुलगा की मुलगी सांगायच्या आधीसुद्धा नाही.

"नको," ती म्हणाली.

आणि घासून लख्ख झालेला डबा तिनं पुन्हा घासायला घेतला.